निजवलेलं कापड

४ फेब्रुवारी

ही वही मोठ्या साहेबांनी दिली. जाड पुठ्ठ्याची, वर कंपनीचा शिक्का. म्हणाले, "मास्तर, तुमच्या हातात जे आहे ते कागदावर आणा. तागा घेतल्यापासून तुकडे शिवणाऱ्यांकडे जाईपर्यंत तुम्ही काय काय करता, एकेक पायरी लिहायची." मी म्हटलं, साहेब, मला लिहायची कुठली सवय! तर म्हणाले, "म्हणून तर वही दिली."

मी बाई, पण शर्टांच्या कारखान्यात कापड बेतून कापणारा तो मास्तर, आणि माझ्याआधी सगळे पुरुषच होते, त्यामुळे मलाही मास्तरच म्हणतात. घरी लेकसुद्धा चिडवायला "मास्तर, आज भाजीत मीठ टाकायचं बेतात नव्हतं का?" म्हणून विचारते.

वही चांगली दोनशे पानी आहे. पुढून कामाचं लिहायचं ठरवलं आणि वही उलटी करून मागून माझं. एवढे कोरे कागद वाया कशाला घालवायचे? साहेब काही मागून वही उघडणाऱ्यातले नाहीत.

पुढे आज तीन पायऱ्या झाल्या.

७ फेब्रुवारी

आज माझ्या कपाळाला पट्टा बांधला. त्याच्या मधोमध नखाएवढा काळा कॅमेरा. मी बघेन तिकडे तो बघणार, मी हात फिरवीन तो टिपणार. गिऱ्हाईक कंपनीकडून दोन पाहुणे आले होते, समुद्रापलीकडचे. एकाच्या हातात कागद, दुसऱ्याच्या हातात घड्याळ. साहेब त्यांना म्हणाले की हिच्यासारखा हात आख्ख्या धंद्यात सापडायचा नाही. मला मेलीला इतकं बरं वाटलं! ऐंशी थर एकावर एक रचून विजेच्या कात्रीने कापते मी. सगळ्यात खालच्या शर्टाचा गळा वरच्याला लावून बघा, केसाचा फरक नाही.

टाचणी म्हणाली, "पट्टा बांधून कशी दिसतेस सांगू? डोकं धरून बसलेल्या सासूसारखी." टाचणी म्हणजे माझी जोडीदारीण. कापड पसरायला दोघी लागतात, टेबलाच्या त्या टोकाला ती, ह्या टोकाला मी. अंगाने काडी, आणि तोंडात सदा टाचण्या धरलेल्या. टाचण्या धरूनही तिचं बोलणं थांबत नाही, एवढी बडबडी.

घरी सांगितलं तर लेक म्हणाली, "आई, ते चित्रण कशाला हवंय त्यांना?"

"नवीन मुलींना शिकवायला."

"कुठल्या नवीन मुली? दोन वर्षांत एक तरी नवीन मुलगी लागली का तुमच्याकडे?"

ह्या पोरीला चांगल्यात वाईट शोधायची खोड आहे. दिवसभर कानाला फोन लावून परदेशातल्या लोकांच्या तक्रारी ऐकते, दुसरं काय होणार.

८ फेब्रुवारी

एक गोष्ट इथे लिहून ठेवते, कारण वहीच्या पुढच्या बाजूला ती नाही.

आमचं कापड ताणलं जाणारं. ताग्याला गुंडाळलं की ते ताणूनच बसतं. तसंच कापलं तर त्या दिवशी माप बरोबर दिसतं, पण पहिल्या धुण्यात शर्ट अंग चोरून घेतो. बाह्या आखूड, पोट उघडं. म्हणून तागा आदल्या दिवशी उलगडून टेबलावर मोकळा सोडायचा. रात्रभर पडून राहिला की आपल्या खऱ्या मापाला येतो. आम्ही ह्याला कापड निजवणं म्हणतो.

अकरा वर्षांपूर्वी साहेबांनी हुकूम काढला की संध्याकाळी टेबलं मोकळी दिसली पाहिजेत. टेबलावर पडलेलं कापड म्हणजे अडलेलं काम. तागा आला की लगेच कापा. सांगायला गेले तर म्हणाले, "मास्तर, कापडाला झोप लागते हे मी गिऱ्हाइकाला कुठल्या तोंडाने सांगू?" झालं. तेव्हापासून साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली की आम्ही तागे उलगडतो, आणि सकाळी ते यायच्या आत कापून टेबलं मोकळी. पहारेकऱ्यालाही ठाऊक आहे, तो तिकडे फिरकत नाही. आजपर्यंत एक शर्ट परत आला नाही. साहेबांना वाटतं, हा त्यांच्या हुकमाचा गुण.

तर काल कॅमेऱ्यापुढे काय करणार? साहेब खांद्याला खांदा लावून उभे. अकरा वर्षांची चोरी त्यांच्या डोळ्यांदेखत कशी बाहेर काढू? कापलं सरळ ताग्यावरून. वहीतही तसंच लिहिलं. धुऊन बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ते तुकडे टाचणीने चिंध्यांच्या गोणीत ढकलून दिले.

शिकणाऱ्या मुलींना मी नंतर तोंडी सांगेनच की.

२१ फेब्रुवारी

पायऱ्या संपल्या. एक्केचाळीस भरल्या! टाचणीला वाचून दाखवल्या तर म्हणाली, "एवढं सगळं आपण करतो? मग दमतो ते उगाच नाही."

साहेबांनी मला 'प्रशिक्षक' केलं. कागद पुढे केला, मी सही केली. बारीक अक्षरांत चार पानं होती, आणि चष्मा टेबलावर राहिला होता. साहेबांसमोर चष्मा आणायला उठणं बरं दिसलं नसतं.

घरी लेकीने वाचला आणि कपाळावर हात मारला. "आई, काम पूर्ण हस्तांतरित होईपर्यंत तू सोडून जायचं नाही असं लिहिलंय. आणि सोडलंस तर तीन वर्षं दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात कात्री धरायची नाही."

"मला कुठे जायचंय?"

"आणि हस्तांतरित म्हणजे कुठे?"

मी म्हटलं, खालच्या हॉलमधून वरच्या हॉलमध्ये असेल, वर रंगकाम चाललंय. तिने खाली बघत कागदाची घडी घातली. सासूबाई शेंगा निवडत होत्या, त्यांनीही मान वर केली नाही. त्यांच्या वाफ्यातल्या शेंगा बोटीने बाहेरदेशी जातात. व्यापारी येतो, पट्टी लावून मोजतो, सरळ तेवढ्या उचलतो. वाकड्या आम्ही खातो. आमच्या घरात गेली सहा वर्षं कुणी सरळ शेंग खाल्लेली नाही.

६ मार्च

वरच्या हॉलमध्ये रंगकाम झालं आणि भिंतीवर मोठा पडदा लावला. त्यात आज 'ती' दिसली.

तिचं नाव घ्यायला माझी जीभ वळत नाही, माझं घ्यायला तिची. मी तिला पलीकडची म्हणते. माझ्याच वयाची असेल, केस घट्ट बांधलेले, अंगठ्यावर कात्रीचा घट्टा अगदी माझ्यासारखा. मागे लांबच लांब टेबलं, नवीकोरी. आमच्या सकाळी त्यांची दुपार असते. मधे एक दुभाषी मुलगी बसते, माझं तिला सांगते, तिचं मला.

मी विचारलं, किती वर्षं कापतेस? ती म्हणाली, बावीस. माझी एकोणीस. मग हिला मी काय शिकवणार, कप्पाळ? साहेब म्हणाले, "तिला आपल्या पद्धतीने शिकवायचं."

तिच्या टेबलाशेजारी सगळा वेळ एक माणूस हातात कागद घेऊन उभा होता. कागद ओळखीचा वाटला. माझ्या एक्केचाळीस पायऱ्या, त्यांच्या लिपीत.

१५ मार्च

सगळ्यांना वरच्या हॉलमध्ये बोलावलं. साहेबांनी घसा दोनदा साफ केला. कापणं आणि शिवणं दोन्ही पलीकडे जाणार. जूनअखेर. आमची इमारत राहील, तिचं गोदाम होईल.

अडतीस जणी साहेबांकडे बघत उभ्या. मग टाचणीने तोंडातल्या टाचण्या एकेक काढून डबीत ठेवल्या. एकोणीस वर्षांत मी पहिल्यांदा तिचं रिकामं तोंड बघितलं. ती साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

मला माहीत नव्हतं. इथे देवाशपथ लिहिते, मला माहीत नव्हतं. लेकीला माहीत होतं, सासूबाईंना माहीत होतं, पहारेकऱ्यालाही असेल. मीच एक शहाणी, कपाळाला पट्टा बांधून मिरवत होते. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे बंदरात क्रेन चालवतात. म्हणाले, "पेटी जाणारी असली काय आणि येणारी असली काय, मला उचलायचीच असते." मग माझं तोंड बघितलं आणि न सांगता पाणी आणून दिलं.

२ एप्रिल

रोज सकाळी पडदा. पलीकडची हुशार आहे. मी अर्धं दाखवते तोवर तिचा हात पुढे गेलेला असतो. तिचा राग करायचं ठरवून बसते आणि जमत नाही. काल तिने गळ्याचा घेर कापताना जीभ दातांत धरली, मीही तश्शीच धरते. दोघींनी एकदम बघितलं आणि हसलो. शेजारच्या कागदवाल्याला कळेना की झालं काय.

सोडून द्यावं म्हटलं तर तो चार पानांचा कागद आठवतो. दुसरीकडे कात्री धरता येणार नाही, इथे राहिले तर आमच्याच बायकांच्या पोटावर पाय. सकाळी बसमधून उतरल्यावर फाटकापाशी पाय अडतात आणि तरी आत जाते.

एक बोलले नाही तिच्याशी. निजवण्याचं. आधी वाटलं होतं सांगेन. आता कशाला सांगू?

११ एप्रिल

लेक घरी आली ती थेट स्वयंपाकघरात. "आई, तुमच्या कंपनीचे शर्ट. आज तेवीस फोन आले."

"काय म्हणतात?"

"धुतल्यावर बाह्या आखूड. एक म्हातारा म्हणाला, माझा शर्ट आता माझ्या नातवाला द्यावा लागेल, आणि मला नातू नाही."

मी पोळी लाटत होते. लाटणं थांबलं. पलीकडून महिन्यापूर्वी घाईने विमानाने पहिला माल गेला तो हाच.

लेक म्हणाली, "तुला ठाऊक होतं ना?" मी पोळी तव्यावर टाकली. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. असा आनंद झाला की माझीच मला भीती वाटली.

१८ एप्रिल

तक्रारी एवढ्या वाढल्या की लेकीच्या ऑफिसने दहा माणसं नवीन घेतली आणि लेकीला कायम केलं. सासूबाईंनी गूळ वाटला. मी माझा खडा वाटीत ठेवून दिला. आखूड बाह्यांवर पोरगी कायम झाली.

कारखान्यात तर उत्सवच. साहेब हातघाईवर आलेत, फोनवर ओरडतात. पलीकडचं काम थांबवून पुढच्या दोन बोटींचं कापड परत इकडे वळवलंय. टाचणीने पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या. संध्याकाळी साहेबांची गाडी गेल्यावर आम्ही तागे निजवले, सगळ्या जणी, हसत, एकमेकींना ढोसत. टाचणीने कापडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "झोप बाळा, तुझ्यावरच आमचं घर चाललंय."

मग माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "मास्तर, एवढं एक पोटात ठेव. तुला काही करायचं नाहीये, नुसतं गप्प बसायचंय. ते एक तरी जमेल ना तुला?"

मी हो म्हटलं.

२५ एप्रिल

आज पडद्यावर पलीकडचीचे डोळे सुजलेले होते. तिच्याशेजारी आता दोन कागदवाले. साहेबांनी दुभाषीला सांगितलं, "तिला विचार, एक्केचाळीस पायऱ्यांपैकी कुठली चुकवते?" ती म्हणाली, एकही नाही. साहेब म्हणाले, मग हात खराब आहे. दुभाषीने ते तसंच्या तसं सांगितलं, पोरीचा आवाजही अडखळला नाही. शिकवलेलं असतं त्यांना.

बावीस वर्षांच्या हाताला खराब म्हणाले. माझ्यासमोर. आणि मी शेजारी बसून होते, तोंडाला कुलूप लावून.

दुभाषी नंतर म्हणाली, "येत्या आठवड्यात सुधारलं नाही तर तिला काढणार आहेत. तिच्या हाताखालच्या बायकांनाही." मी विचारलं, किती जणी? म्हणाली, चाळीस.

आमच्या अडतीस, त्यांच्या चाळीस.

२७ एप्रिल, रविवार

दिवसभर घर आवरलं. कपाटं रिकामी करून पुन्हा भरली. ह्यांनी विचारलं, काय शोधतेस? काहीच नाही.

मी गप्प बसले तर टाचणी राहील, पलीकडची जाईल. आणि राहील म्हणजे तरी किती दिवस? साहेबांनी पलीकडचे हात खराब ठरवले की आणखी कुठले तरी हात शोधणार, पुन्हा मला बसवणार पडद्यासमोर. मी बोलले तर पलीकडची राहील आणि टाचणी जाईल, आज नाही तर उद्या. माझं मन ह्या गोष्टीवर बसेना आणि त्या गोष्टीवरही बसेना. असं कसं काम दिलं मला, की कुणाचा गळा कापायचा ते तेवढं माझ्यावर सोडलंय?

लेक म्हणाली, "आई, एक विचारू? तिचा हात खराब नाही हे तू एकटीच जाणतेस ना?"

मी तिच्यावर खेकसले. तिचं काय चुकलं होतं.

२९ एप्रिल

आज सांगितलं.

साहेब फोन घ्यायला बाहेर गेले, दुभाषी पाण्याला गेली. पलीकडचे दोन कागदवालेही खिडकीपाशी गप्पा मारत होते. आम्ही दोघीच. मी ताग्याचं टोक धरलं, टेबलावर उलगडलं, हात वर केले आणि लांब उभी राहिले. मग दोन्ही तळवे जोडून गालाखाली घेतले आणि डोळे मिटले. निजवायचं. मग खिडकीबाहेरचा सूर्य दाखवला, बोटाने गोल फिरवून पुन्हा वर आणला. एक रात्र. मग कात्री.

मला वाटलं तिला कळायला वेळ लागेल. तिने लगेच मान हलवली. कळल्याची नव्हे, माहीत असल्याची. तिने शेजारचा कागद उचलला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, मग ते बोट माझ्याकडे केलं आणि स्वतःच्या कपाळावर टेकवलं, पट्टा बांधतात तिथे.

ती बावीस वर्षं कापड निजवतच आली होती. ते सोडलं ते माझं चित्रण बघून. तिला सांगितलं असणार, ह्या बाई करतात तसंच, एक बोटही इकडचं तिकडे नको.

मी हात जोडले. तिने नको नको म्हणून हात हलवला. मग मागच्या टेबलांकडे बघितलं, मग खिडकीतल्या माणसांकडे, आणि ओठांवर बोट ठेवलं. मीही ठेवलं. तेवढ्यात दुभाषी आली आणि म्हणाली, "काही बोलायचंय का तुम्हाला?" मी म्हटलं, नाही गं.

२० मे

पलीकडचा माल धुवून तपासला, एकही शर्ट आखडला नाही. साहेब खूश. म्हणाले, "बघा मास्तर, धाक दाखवल्याशिवाय हात सुधारत नाही." कागदावर एक्केचाळीस आहेत त्या एक्केचाळीसच. पलीकडेही आता साहेबाची गाडी गेल्यावर टेबलं भरत असणार.

वळवलेल्या बोटी पुन्हा तिकडे वळल्या.

टाचणीने मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खोटं बोलले असते, तेवढी हिंमत मी गोळा करून ठेवली होती. ती नुसती टेबलाच्या त्या टोकाला उभी राहिली आणि म्हणाली, "धर."

आम्ही कापड धरलं. ताणलं. अंथरलं. दिवसभर ती तेवढा एकच शब्द बोलली.

३० जून

शेवटचा दिवस. अडतीस जणी फाटकातून गेल्या. टाचणीने जाताना तिची डबी माझ्या हातात दिली. आत टाचण्या होत्या, आणि एक पुरचुंडी, आमच्या कापडाच्या पट्टीची. मला वाटलं काही तरी शिव्या लिहून दिल्या असतील. उलगडली तर काहीच नव्हतं, नुसती पट्टी. घरी येऊन सवयीने मोजली, धुऊन पुन्हा मोजली. माप तेच. निजवलेलं कापड होतं.

मी रडले. स्वयंपाकघरात, सगळ्यांसमोर. सासूबाईंनी शेंगांची पाटी बाजूला सारली आणि माझं डोकं मांडीवर घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

२२ जुलै

आता आमच्या हॉलमध्ये पेट्या आहेत, छतापर्यंत. पलीकडे कापलेले, शिवलेले शर्ट बोटीने येतात, हे ते क्रेनने उतरवतात, ट्रकने इथे येतात, आणि इथून देशोदेशीच्या दुकानांत जातात. कधीकधी एखादी पेटी उघडून मी गळ्याचा घेर बघते. तिचा हात लगेच ओळखू येतो.

मला 'तपासनीस' केलंय. एक खोली, एक खुर्ची, एक पडदा. कात्री नाही. कागदाप्रमाणे काम अजून 'पूर्ण' झालेलं नाही, म्हणून सोडताही येत नाही. पूर्ण कधी होणार विचारलं तर साहेब म्हणतात, "बघू." टाचणीला चादरींच्या दुकानात काम मिळालंय असं कळलं. भेटायला जावंसं वाटतं आणि दोन बसस्टॉप आधीच उतरते.

लेकीच्या ऑफिसात तक्रारी कमी झाल्या. नव्या दहा माणसांना घरी पाठवलं. तिला ठेवलंय, पण आता ती फोन घेत नाही. तिचे जुने फोन ऐकून एक यंत्र बोलायला शिकतंय, ते बरोबर बोललं की नाही हे ती बघते. मी म्हटलं, "कपाळाला पट्टा बांधला का?" ती म्हणाली, "नाही आई, कानाला."

हसायला आलं दोघींना. मग हसू संपलं आणि आम्ही भाजी चिरायला घेतली.

१४ ऑगस्ट

आज बऱ्याच दिवसांनी पडद्यावर पलीकडची दिसली. कपाळाला पट्टा होता.

तिला माहीत होतं. माझ्यासारखी मिरवत नव्हती. कागदवाला बोलत होता तेव्हा तिने पट्ट्याला बोट लावलं, मग माझ्याकडे केलं, आणि भुवया उंचावल्या. मी मान हलवली. हो बाई, तेच.

१९ ऑगस्ट

साहेबांनी खोलीत बोलावलं. "मास्तर, पलीकडचं चित्रण आलंय. तिसरीकडे पाठवायच्या आधी तुम्ही एकदा बघा. काही सुटलं असेल तर तुम्हालाच कळणार."

मी बघितलं. तिचे हात, तिच्याच डोळ्यांच्या उंचीवरून. अंगठ्यावरचा घट्टा. तागा आला, तिने टोक धरलं, पसरलं, थरावर थर रचले आणि सरळ कापायला घेतलं. उलगडून ठेवणं नाही, थांबणं नाही. मी केलं होतं तसंच.

मग एकदाच, श्वास घ्यायला थांबावं तेवढाच वेळ, तिने मान मागे वळवली. कॅमेराही वळला. मागच्या टेबलावर कापड उलगडून पडलं होतं, कडा खाली लोंबत होत्या. मान पुन्हा पुढे आली. साहेब त्या वेळी चष्मा पुसत होते. ते साहेबांसाठी नव्हतंच.

साहेबांनी कागद पुढे सरकवला. एक्केचाळीस पायऱ्या, माझ्याच, आता तिसऱ्या लिपीत. खाली आपल्या भाषेत एक ओळ: वरील कामात काहीही राहिलेले नाही, हे मी स्वतः तपासले आहे. त्याखाली सहीची जागा. ह्या खेपेला चष्मा बरोबर नेला होता. सगळं वाचलं.

सांगितलं तर हुकूम मोडला म्हणून तिला आजच काढतील. नाही सांगितलं तर तिसरीकडे कुणी तरी डोळे सुजवून बसेल, आणि तिच्या हाताला कुणी तरी खराब म्हणेल. फक्त थोडे महिने जास्त मिळतील पलीकडचीला.

"काही राहिलं नाही ना?" साहेबांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं, आणि सही केली.

मग साहेबांनी ही वही मागितली, कंपनीची म्हणून. मी उद्या देते म्हटलं. आत्ता घरी बसून मागची पानं फाडते आहे. हे शेवटचं सुट्या कागदावर लिहिते आहे. पुढची एक्केचाळीस पायऱ्यांची पानं त्यांना देईन, ही मागची टाचणीच्या डबीखाली ठेवीन.

निघताना मी साहेबांना विचारलं, "तिसरीकडे कोण आहे?" ते म्हणाले, "अजून ठरायचंय. मिळेल कुणी तरी." त्या तिसरीच्या वेळीही मला पडद्यासमोर बसवतील का, ते विचारायचं मात्र राहिलं.